अंक आणि त्याचें परिमाण

कापडाच्या दुकानांत कोणी नुसतें ‘बारा द्या’ म्हटलें, तर दुकानदार कात्री उचलणार नाहीं. ‘बारा मीटर कीं बारा इंच?’ असें तो प्रथम विचारील. संगणकाच्या पडद्यावर पान मांडणाऱ्या प्रोग्रॅमलाहि हाच प्रश्न सोडवावा लागतो.

पानावरील अक्षरें केवढीं, समास किती, हें ‘सीएसएस’ नांवाच्या शैलीपत्रकांत लिहिलेलें असतें. या पद्धतीची कल्पना होकोन व्यूम ली यांनीं १९९४ सालीं मांडली. तिची पहिली प्रमाणित आवृत्ति १९९६ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाली. आज तींत मापें दोन प्रकारचीं आढळतात. कांहीं निश्चित: एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, ७२ पॉइंट किंवा ९६ पिक्सेल. कांहीं सापेक्ष: ‘एम’ हें त्या ठिकाणच्या अक्षराच्या आकारावर, तर ‘रेम’ हें सबंध पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावर अवलंबून असतें.

अशी नोंद वाचणारा प्रोग्रॅम एकेक चिन्ह पाहत जातो. आधीं अधिक-उणें, मग अंक, मग दशांशचिन्ह. त्या चिन्हापुढें निदान एक अंक हवाच. परंतु पुढें रोमन ‘ई’ आलें कीं थबकावें लागतें. तें दहाचा घात दर्शवितें, कीं ‘एम’चें पहिलें अक्षर आहे? त्यापुढें अंक, अथवा अधिक-उणें व अंक असल्यास घात, एरव्हीं परिमाण. लांबी लिहितांना अंक व परिमाण यांमध्यें मोकळी जागा राहिली, तर ब्राउझर ती नोंदच सोडून देतो. शून्याला मात्र परिमाण नसलें तरी चालतें.

खरा धोका घाईंत आहे. जावास्क्रिप्ट भाषेंतील ‘पार्सफ्लोट’ ही सोय आरंभींचा अंक उचलते आणि उरलेलीं अक्षरें मुकाट्यानें टाकते. बारा पिक्सेल व बारा एम, दोहोंचेंहि उत्तर बारा! अक्षर १६ पिक्सेलचें असतां बारा एम म्हणजे १९२ पिक्सेल. चूक सोळापट होते आणि सूचना कोणीच देत नाहीं.

दृष्टि मंदावलेला एखादा वृद्ध वाचक ब्राउझरचें मूळ अक्षर १६ वरून २४ पिक्सेल करतो. दोन रेमचा मथळा तेव्हां ३२ वरून ४८ पिक्सेल व्हावयास हवा. प्रोग्रॅमनें आरंभींच ३२ असा हिशेब करून परिमाण टाकून दिलें असेल, तर मथळा होता तेवढाच राहतो. म्हणून अंक व परिमाण जोडीनें जपावें आणि पिक्सेलचा हिशेब अगदीं शेवटीं, मांडणीच्या वेळीं करावा. त्या वाचकानें आपल्या डोळ्यांसाठीं मागितलेली सवलत त्या तीन रोमन अक्षरांतच सांठविलेली असते.