‘बी’ कवींची नोंद कोण दुरुस्त करणार?



पदवीदान समारंभात पाहुण्याने वाचनाचं महत्त्व सांगायचं, अशी रीत आहे. तुम्ही ग्रंथालयशास्त्राचे पदवीधर. तुम्हाला ते सांगून मी काय मिळवणार? मला एवढंच मांडायचं आहे की आपल्या व्यवसायाचं बरंचसं काम देशांच्या सीमा ओलांडून चालतं, आणि त्यात शिरायला पंधरा वर्षांचा अनुभव, वरिष्ठ वेतनश्रेणी किंवा व्हिसा यांतलं काहीही लागत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिरता येतं.

‘आंतरराष्ट्रीय’ म्हटलं की तुमच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. तिकिटाचे पैसे कोण देणार? प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक ग्रंथालयातल्या सेवकाच्या हाती महिन्याकाठी जे पडतं, ते या सभागृहात मोठ्याने सांगायची सोय नाही. महाविद्यालयांत ग्रंथपालाच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, आणि नेट-सेट झालेली मुलं कंत्राटावर. म्हणून मी विमानाविषयी बोलणारच नाही.

अपवाद एकाच विमानपूर्व प्रवासाचा. रंगनाथन तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेत: पाच सूत्रं १९३१, द्विबिंदू वर्गीकरण १९३३. आता परीक्षा संपली, तेव्हा माणूस बघू. गणित शिकवणारे रंगनाथन १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले, की मला परत शिकवायला घ्या म्हणून प्राचार्यांकडे गेले. उत्तर मिळालं, आधी लंडनला जाऊन या, मग बघू. त्याच वर्षी ते बोटीने निघाले तेव्हा व्यवसायात अगदी नवखे होते आणि मनातून अर्धे बाहेरच. तिथे बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली शिकले, इंग्लंडमधली ग्रंथालयं पायाखाली घातली, आणि सेल्फ्रिजेस या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना सुचलं, की सुटे भाग जोडून वर्गांकही बनवता येईल. मुरलेला ग्रंथपाल त्या दुकानासमोरून सरळ पुढे गेला असता, असं मला आपलं वाटतं.

उलट्या दिशेचा प्रवास त्याआधीच झाला होता. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणलं. ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं, प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला, आणि १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक निघालं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ग्रंथपालनाची मराठी चर्चा इंग्रजीच्या मांडीला मांडी लावून बसत होती. आज ती कुठे बसते, हे तुमच्या प्राध्यापकांना विचारा. मी पाहुणा आहे.

आता तुमच्या टेबलावर येऊ. पी. एल. ४८० च्या अमेरिकन गव्हाची आठवण तुमच्या आजी-आजोबांना असेल. त्या गव्हाचे जे रुपये भारतात साठले, त्यांतल्या काहींतून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवू लागलं. गहू बंद झाला, कार्यालय राहिलं. म्हणून शिकागोसारख्या विद्यापीठात आज मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं आहेत. पण पुस्तक कपाटात पोचलं म्हणजे वाचकाला सापडलं, असं होत नाही.

‘बी’ कवी घ्या. नारायण मुरलीधर गुप्ते. रोमन लिपीत हे नाव शोधून दाखवा. ‘ग्रेस’ म्हणजे माणिक गोडघाटे. जगाच्या तालिकांत ग्रेस नावाच्या बायका किती असतील, याचा विचार करा. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर आणि गोविंदाग्रज म्हणजे गडकरी. दोघेही ‘अग्रज’ असले तरी ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत. केशवसुत म्हणजे दामले, केशवकुमार म्हणजे अत्रे. मराठी न येणाऱ्या तालिकाकाराने यात घोळ घातला, तर दोष त्याचा नाही. त्यात रोमन अक्षराखालचं टिंब गळलं की शिवराम महादेव परांजप्यांचा ‘काळ’ आणि कालपरवाचा ‘काल’ एकाच ओळीत जाऊन बसतात. हा गुंता तुम्ही झोपेतही सोडवाल. विकिडेटावर नोंद कुणालाही दुरुस्त करता येते: टोपणनाव जोडा, खरं नाव जोडा, जन्ममृत्यूच्या सनांना वाङ्मयकोशाचा आधार द्या. देवघेवीच्या खिडकीवर दुपारी शुकशुकाट असतो, तेवढ्या वेळात एक कवी मार्गी लागतो. शिकागोतल्या संशोधकाला तुमचं नाव कळणार नाही, पुस्तक मात्र मिळेल.

वर्गीकरणाचंही तेच. ड्यूईने १८७६ साली जगाचं ज्ञान दहा खणांत मांडलं, तेव्हा इंग्रजी साहित्याला ८२० हा ऐसपैस वाडा मिळाला आणि मराठीच्या वाट्याला पुढे आलं ८९१.४६, म्हणजे ओसरीही नाही, दशांशचिन्हापलीकडची वळचण. मराठी कवितेला त्याच्याही पुढे आणखी एक आकडा. आपण वर्षानुवर्षं पुस्तकाच्या पाठीवर हे आकडे निमूटपणे चिकटवतो. या पद्धतीत बदल सुचवता येतात, आणि ग्रंथपालांच्या सूचना संपादक मागवतात, हे अभ्यासक्रमात आहे का, मला शंका आहे.

आणि कोहा. तुमच्यातले निम्मे लोक उद्यापासून त्यावर काम करतील. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणकप्रणाली सन २००० उजाडताना कोलमडणार होती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी ती लिहून घेतली आणि जगाला फुकट दिली, तीच कोहा. पुढे २०११ मध्ये याच प्रणालीची जागतिक परिषद आपल्या ठाण्यात, विद्या प्रसारक मंडळाकडे भरली. ही प्रणाली सुधारणाऱ्यांत प्रोग्रामर असतात तसे साधे ग्रंथपालही असतात. कुणी चूक कळवतं, कुणी नवा बदल तपासून पाहतं, कुणी पडद्यावरची वाक्यं आपल्या भाषेत आणतं. तक्रार करायला इंग्रजी फर्डं लागत नाही. कुठलं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, ही तीन वाक्यं पुरतात.

इंग्रजीच्या भीतीवर अजून थोडं बोलतो, कारण खरी अडचण तीच आहे. ग्रंथालयांचा जागतिक महासंघ, इफ्ला, १९२७ साली एडिंबरात स्थापन झाला. त्याच्या सात अधिकृत भाषांत अरबी, चिनी, रशियन आहेत. तिथे जमणाऱ्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. व्यवसायात नव्याने आलेल्यांसाठी त्यांचा स्वतंत्र गट आहे, आणि त्याच्या ऑनलाइन बैठकांना घरून बसता येतं. पहिले दोनचार वेळा नुसतं ऐका. मग टिपणं काढायचं काम मागून घ्या. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे नक्की मिळतं.

एवढ्या खटाटोपाने काय होतं? अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती देशोदेशी पाठवता याव्यात म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. त्यासाठी अंधांच्या संघटनांबरोबर ग्रंथपालांच्या संघटनाही वर्षानुवर्षं भांडल्या. त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत, २०१४ साली. करार २०१६ मध्ये अमलात आला. तुमच्या ग्रंथालयात पांढरी काठी घेऊन एखादी विद्यार्थिनी येईल, तेव्हा तिला काय काय मागवून देता येतं हे तुम्हाला माहीत असायला हवं.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा. सभागृहाबाहेर मोठा फ्लेक्स, त्यावर ‘आंतरराष्ट्रीय परिषद’, आत पडद्यावर अर्धा तास दिसणारा एक परदेशी पाहुणा, आणि दुपारी जेवणानंतर प्रमाणपत्रांसाठी रांग. बढतीच्या गुणांसाठी तिथे जावं लागलं तर जा, पोटाचा प्रश्न आहे. पण त्याला सहभाग म्हणू नका.

शेवटचे दोन शब्द पुढच्या रांगेतल्या विभागप्रमुखांना आणि प्राचार्यांना. या मुलांसाठी परदेशवारीची तरतूद तुमच्या हातात नाही, हे मान्य. इंटरनेट मात्र आहे, आणि कामाच्या वेळातला आठवड्याचा एखादा तास मोकळा करून देणंही आहे. तो तास कार्यतालिकेत लिहून द्या, म्हणजे वरून विचारणा झाली तर दाखवता येईल. आणि यांच्यातलं कुणी रात्री उशिरा कॅनडातल्या ग्रंथपालांशी बैठक संपवून सकाळी थोडं उशिरा आलं, तर मस्टरवर लाल शेरा मारू नका.