गवताचे दोन महिने



तेरखेड्याचे नाव दूरवर झाले ते फटाक्यांमुळे. मी मात्र आज बालाघाटच्या माळावर उगवणाऱ्या गवताविषयी बोलणार आहे. गवत ही काय व्याख्यानाची वस्तू, असे कोणी म्हणेल. पण १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला, किंवा २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्यातल्या चारा छावण्या ज्यांनी पाहिल्या, ते तसे म्हणणार नाहीत.

गवताला वाढायला ऊब लागते आणि पाणी लागते. इंग्लंडातले कुरण वीस अंशांच्या आसपास उत्तम वाढते. आपले मारवेल किंवा पवन्या यांना तीस-पस्तीस अंशांचे ऊन मानवते. ही गवते ज्वारी, मका, ऊस यांच्या गोत्यातली. हवेतला कर्बवायू पकडण्याची त्यांची रीत निराळी आहे आणि ती हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात १९६६ साली उलगडून दाखवली. या रीतीमुळे थोड्या पाण्यात आणि कडक उन्हात त्यांची वाढ झपाट्याने होते. उलट, पारा पंधरा अंशांखाली उतरला की ती जवळजवळ थांबते. म्हणजे हिवाळ्यात ऊब कमी, उन्हाळ्यात पाणी नाही. दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या पावसाळ्यातच.

आता पावसाकडे पाहू. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा वाईट नाही. पण काळी जमीन पाणी महिनोन्‌महिने धरते, म्हणून तिच्यात रब्बीची ज्वारी पिकते. माळावर मुरमावर वीतभर माती, तिच्यात ओल टिकते जेमतेम आठ-पंधरा दिवस. एका दिवसात कोसळलेला पाऊस ओढ्याने वाहून जातो, गवताच्या वाट्याला येत नाही. म्हणून वर्षाचा पाऊस किती झाला, यापेक्षा तो किती वेळा आणि किती अंतराने झाला, यावर वैरण ठरते. श्रावणात तीन आठवड्यांची उघडीप पडली, तर गवत उंची सोडून देते आणि घाईने फुलोऱ्यावर येते.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गवताचे वजन वाढत जाते, तसा त्याचा कस मात्र उतरत जातो. कोवळ्या गवतात शंभर भागांत आठ-दहा भाग प्रथिन असते. बी झडून वाळलेल्या गवतात दोन-तीनच उरते. उष्णतेने काडी लवकर निबर होते, ती वेगळीच. प्रथिन सात भागांच्या खाली गेले की गुरांच्या पोटातले सूक्ष्मजीव चारा पचवण्यात मंदावतात. मग गंजी उभी असते, गव्हाण भरलेली असते आणि तरीही बैल खंगत जातो.

आपली रीत काय आहे? मृगाचा पाऊस पडून माळ हिरवा दिसू लागला की जनावरे सोडायची आणि राखलेले गवत दिवाळीनंतर, वाळले म्हणजे कापायचे. दोन्ही वेळा चुकीच्या आहेत. पहिले कोंब मुळांतल्या साठ्यावर फुटतात. तेच खुडले तर बुंधा दुबळा होतो, चांगले गवत मरते आणि त्याच्या जागी कुसळी माजते. दिवाळीनंतर कापलेले गवत म्हणजे नुसती काडी.

कापणीची खरी वेळ फुलोऱ्याची, म्हणजे बहुधा उत्तरा-हस्ताच्या सुमाराची. पण हे परतीच्या पावसाचे दिवस. कापलेले गवत भिजून काळे पडेल ही शेतकऱ्याची भीती खोटी नाही. त्यावर उपाय आहेत. सगळा माळ एकदम कापू नये. चार दिवसांची उघडीप साधून तुकड्या-तुकड्याने कापावे. उघडीप मिळालीच नाही, तर हिरवे गवत बारीक तोडून, दाबून, हवाबंद करून मुरघास करावा. गायरान सर्वांचे असते, म्हणून पहिल्या पावसानंतरचे काही आठवडे चराई बंद ठेवण्याचा निर्णय मात्र एकट्यादुकट्याने होणार नाही. तो गावानेच घ्यावा लागेल.

पाऊस कोणाच्या हातात नाही. मात्र विळा केव्हा उचलायचा आणि गुरे केव्हा सोडायची, हे आपल्या हातात आहे. छावणी उघडण्याची वाट पाहण्यापेक्षा हस्ताच्या उघडिपीची वाट पाहिलेली बरी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.