शर्यतीची मोटार : वेग आणि माणूस

मोटारींची शर्यत हा श्रीमंतांचा एक धोकादायक खेळ होय, असा समज पुष्कळ काळ रूढ होता, आणि तो अगदींच खोटाहि नव्हता. तथापि या खेळाच्या इतिहासाकडे जरा निरखून पाहिलें, म्हणजे त्यांत तीन प्रश्न एकामागून एक पुढें आलेले दिसतात. एंजिनाची शक्ति कशी वाढवावी, हा पहिला. ती शक्ति रस्त्यावर कशी उतरवावी, हा दुसरा. आणि ज्या माणसाच्या हातीं ती द्यावयाची त्याचा जीव कसा राखावा, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर फार लौकर सांपडलें. तिसऱ्याकडे नीट लक्ष जाण्यास मात्र जवळजवळ पाऊणशें वर्षें लागलीं.

मौज अशी कीं, आरंभीं हा तिसरा प्रश्नच आधीं विचारला गेला होता. २२ जुलै १८९४ रोजीं 'ल पेती जुर्नाल' या वृत्तपत्रानें पॅरिसपासून रूआंपर्यंत घोड्यावांचून चालणाऱ्या गाड्यांची चढाओढ ठेविली. काउंट द दियाँ यांची वाफेची गाडी सर्वांच्या आधीं पोंचली. परंतु तिला हांकणाऱ्याखेरीज भट्टी सांभाळणारा दुसरा माणूस लागे. गाडी निर्धोक, हाताळण्यास सोपी आणि कमी खर्चाची असावी अशी अट असल्यामुळें पहिलें बक्षीस प्यूजो आणि पानार या कंपन्यांच्या पेट्रोल गाड्यांना विभागून मिळालें.

पुढच्याच वर्षीं पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची सुमारें ११७८ किलोमीटरांची शर्यत झाली. एमील लव्हासॉर यानें जवळजवळ सर्व वाट स्वतःच गाडी हांकून ४८ तास ४८ मिनिटांत ती पुरी केली. म्हणजे ताशीं सुमारें २४ किलोमीटर. याच शर्यतींत आंद्रे मिशलँ हा हवा भरलेले रबरी टायर लावलेली गाडी घेऊन उतरला होता. वाटेंत ते टायर इतके वेळां फुटले कीं, ठरल्या मुदतींत त्याला परत येतां आलें नाहीं. तरी पुढें भरीव रबर मागें पडलें आणि मोटारींच्या जगांत हवेचे टायरच टिकले.

त्यानंतर मात्र वेगाचें वेड वाढलें. गाडीचें वजन एक हजार किलोंहून अधिक नसावें असा नियम झाला, तेव्हां सांगाड्याला भोकें पाडून वजन वाचविण्यांत आलें आणि तें सारें एंजिनाला देण्यांत आलें. रस्ते मात्र घोडागाड्यांचे, धुळीचे आणि दुतर्फा माणसांनीं भरलेलेच राहिले. मे १९०३ मध्यें पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत निघाली. पहिल्याच मजलींत इतके अपघात झाले कीं, फ्रेंच सरकारनें ती बोर्दो येथेंच थांबविली. मृतांत रेनो बंधूंपैकीं मार्सेल रेनो हाहि होता. यापुढें शर्यती गांवोगांवच्या खुल्या मार्गांवरून हटून ठराविक फेरीच्या बंद मार्गांवर आल्या. १९०६ सालीं ल मां येथें पहिली फ्रेंच ग्राँ प्री झाली. ती जिंकणाऱ्या फेरेन्त्स सिस याच्या रेनो गाडीचें एंजिन जवळजवळ १३ लिटरांचें होतें.

मोठें एंजिन म्हणजे मोठी शक्ति, हा समज १९१२ सालीं खोटा ठरला. त्या वर्षीं दिएप येथें १४ लिटरांच्या फियाटला ७·६ लिटरांच्या प्यूजोनें हरविलें. प्यूजोच्या प्रत्येक सिलिंडरवर दोनांच्या ऐवजीं चार झडपा होत्या आणि त्या उघडणारे दोन दांडे माथ्यावर बसविले होते. एंजिन हें एका अर्थीं श्वास घेणारें यंत्र आहे. हवा जितकी मोकळेपणानें आंत येईल आणि जळलेला वायु जितक्या लौकर बाहेर जाईल, तितकें तें चपळ. आज शहरांतील साध्या मोटारीच्या एंजिनांतहि बहुधा हीच रचना आढळते.

१९२० नंतर एंजिनांत हवा दाबून भरणारा सुपरचार्जर आला, आणि १९२१ सालीं अमेरिकन ड्यूझेनबर्ग गाडीनें चारहि चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक लावून फ्रेंच ग्राँ प्री जिंकली. १९३४ पासून रिकाम्या गाडीचें वजन ७५० किलोंच्या आंत असावें असें ठरलें. हेतु असा कीं, हलक्या गाडींत फार मोठें एंजिन मावणार नाहीं. जर्मन कारखान्यांनीं हलक्या धातूंचा आश्रय करून हा हेतु पार उधळून लाविला. १९३७ च्या मर्सिडीजची शक्ति सुमारें ६०० अश्वशक्ति होती. मात्र त्या काळच्या अरुंद टायरांना ती पेलेना. गाडी भरवेगांत असतांहि मागचीं चाकें जागच्या जागीं घसरत.

येथें दुसरा प्रश्न उभा राहिला. कूपर या लहानशा इंग्रज कारखान्यानें एंजिन चालकाच्या पाठीमागें ठेविलें. ऑटो युनियननें तें पूर्वींच केलें होतें. पण कूपरची गाडी लहान, हलकी आणि वळणावर आज्ञाधारक होती. १९५९ व १९६० या दोन्ही वर्षीं जॅक ब्रॅबहॅम तिच्या बळावर जगज्जेता झाला आणि एंजिन पुढें ठेवण्याची पद्धति ग्राँ प्रींतून लवकरच उठली. १९६८ पासून गाड्यांवर पंख दिसूं लागले. विमानाचा पंख वर उचलतो. तोच उलटा बसविला म्हणजे गाडीला खालीं दाबतो, आणि वजन न वाढतां टायरांची पकड वाढते. १९७८ च्या लोटसनें तर गाडीचा तळच असा घडविला कीं, खालून वेगानें जाणाऱ्या हवेमुळें गाडी जमिनीकडे ओढली जाई.

वळणावरचा वेग वाढला, तसा चूक सुधारण्याचा अवधि कमी झाला. १९५५ सालीं ल मां येथें एक गाडी प्रेक्षकांत उडून ऐंशींहून अधिक माणसें मेलीं होतीं. तरीहि धोका हाच खेळाचा प्राण, असें मानणारे बरेच होते. जून १९६६ मध्यें बेल्जममधील स्पा येथें पावसांत जॅकी स्टुअर्टची गाडी घसरली. फुटलेल्या टाकींतील इंधन अंगावर झिरपत असतां तो सुमारें पंचवीस मिनिटें आंत अडकून पडला. त्याला सोडविण्यासाठीं स्टिअरिंगचें चाक काढावें लागलें, आणि त्याकरितां पाना मागून आणावा लागला तो एका प्रेक्षकाकडून! त्या दिवसापासून पट्टे, कठडे, अग्निशामक आणि डॉक्टर यांसाठीं स्टुअर्टनें झगडा मांडला. खेळांतली गंमत हा घालवितो, अशी टीकाहि त्याला सोसावी लागली. पुढें तीन वेळां जगज्जेता झालेल्या त्या माणसाला भित्रा म्हणणें मात्र कोणास सोपें नव्हतें.

यानंतर शास्त्र माणसाच्या बाजूनें वळलें. १९८१ सालीं मॅक्लारेननें कार्बनच्या तंतूंचा सांगाडा आणला. त्याच वर्षीं मोंझा येथें जॉन वॉटसनची गाडी दुभंगली. पण तो चालत बाहेर आला. १९९४ सालीं इमोला येथें लागोपाठच्या दोन दिवशीं रात्झेनबर्गर आणि सेन्ना हे दगावले, तेव्हां नियम पुन्हां कडक झाले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोंवतीं टायटॅनियमची कमान सक्तीची झाली. कुरूप म्हणून तिला पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. २०२० च्या नोव्हेंबरांत बहारीन येथें रोमां ग्रोजाँ याची गाडी लोखंडी कठडा भेदून दुभंगली आणि पेटली. सुमारें अर्ध्या मिनिटानें तो ज्वाळांतून भाजलेल्या हातांनीं, पण जिवंत बाहेर पडला.

धोका नाहींसा झाला आहे, असें नव्हे. २०१४ सालीं सुझुका येथें जखमी झालेला ज्यूल बियांकी पुढच्या वर्षीं वारला. परंतु अपघातानंतर आतां दोष केवळ चालकाच्या नशिबाला दिला जात नाहीं. गाडी, रस्ता आणि नियम या तिघांनाहि जाब विचारला जातो. १८९४ सालीं ज्या चढाओढींत सर्वांआधीं पोंचणाऱ्याला पहिलें बक्षीस नाकारलें गेलें, तिच्या अटींत 'निर्धोक' हा शब्द होताच. तो खऱ्या अर्थानें अमलांत आणावयास वेगाला फार लांबची वाट चालावी लागली, आणि त्या वाटेवर पुष्कळ तरुण माणसें खर्ची पडलीं.