सावित्री : प्रेरणेचे नाव



सर्वांना प्रेरणा देणारा वैदिक सूर्यदेव म्हणजे सविता, आणि त्याच्याशी संबंधित ती सावित्री. म्हणूनच या देवाला उद्देशून असलेल्या गायत्री मंत्रालाही सावित्री म्हणतात.

महाभारताच्या वनपर्वात मद्रदेशाचा राजा अश्वपती याला सावित्रीदेवीच्या कृपेने कन्या होते, म्हणून तिला देवीचेच नाव मिळते; आणि हीच कन्या पुढे यमाशी धर्मसंवाद करून पती सत्यवानाचे प्राण परत मिळवते.

महाराष्ट्रात वटपौर्णिमेच्या व्रताने हे नाव घरोघरी पोहोचले, तर १८४८ साली पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी त्याला विद्येचे तेज दिले.

श्रोतेहो, सावित्री म्हणजे प्रेरणा. कथेतील निश्चयाची आणि इतिहासातील शिक्षणाची प्रेरणा एकाच नावात सामावल्याने ते आजही मुलींना अभिमानाने दिले जावे, असेच आहे.