तीन ओळींचा टाइप



समाजाच्या स्मरणिकेत चार-दोन कविता असतातच. अलीकडे त्यांत हायकूही येऊ लागले आहेत. कविता निवडताना मंडळी कसोशीने वाचतात. ती कोणत्या टाइपात लावावी, हे मात्र छापखान्यावर सोपविले जाते. मोठ्या कवितेला ते चालून जाते. तीन ओळींच्या कवितेला चालत नाही, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

हायकू मूळचा जपानी. मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) हा त्यातील थोर कवी. ‘बाशो’ म्हणजे केळ. झोपडीपुढील केळीवरून त्याने हे नाव घेतले. पाच, सात, पाच अशा सतरा ध्वनींची ही रचना सुमारे ३६ सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद कागदी पट्टीवर उभी लिहिण्याचा तिकडे प्रघात आहे. वाचकाला मध्येच थांबविण्यासाठी तीत ‘किरेजी’ नावाचा खास शब्द घालतात. मराठीत शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हायकू रुजविला, तो तीन ओळींत. किरेजी आपल्याकडे नाही. म्हणून थांबविण्याचे काम ओळ तुटते त्या जागेला आणि भोवतीच्या कोऱ्या कागदाला करावे लागते.

उदाहरणापुरत्या तीन ओळी आम्हीच जुळविल्या आहेत :

रिती ओसरी
पाटावर बसले
कोवळे ऊन

या ओळी जाड, नक्षीदार टाइपात लावून भोवती वेलबुट्टीची चौकट घातली, तर ओसरी रिती कोठे राहिली? मूर्ती वीतभर आणि मखर हातभर, अशी गत होते. पहिल्या ओळीपुढे उद्गारचिन्ह ठोकले, तर वाचकाने स्वतः थांबण्याआधीच आपण त्याचा हात धरतो. ओळी मधोमध लावल्या, तर लग्नपत्रिकेचा भास होतो. डावीकडून एका रेषेत सुरू केल्या, म्हणजे डोळा शांतपणे खाली उतरतो.

जपानी थाट आणण्यासाठी अक्षरे एकाखाली एक रचण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. आपली अक्षरे शिरोरेषेने बांधलेली आहेत. उभी रचली की शब्द सुटा होतो. कुंचल्याने ओढल्यासारखा, जपानी वाटणारा टाइपही नको. साधा, मध्यम जाडीचा पुस्तकी टाइप पुरे. मात्र ओळींत अंतर सढळ हवे, कारण आपल्याकडे वेलांटी, रफार, अनुस्वार वर आणि उकार खाली येतात. अक्षर १४ पॉइंटांचे असेल, तर एक ओळ दुसरीपासून २४ पॉइंटांवर ठेवावी. त्याने वयस्कर वाचकांचीही सोय होते.

आता महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. ‘बसले’ यातील ‘ल’ पाहा. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा; महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने हीच वळणे मान्य केली. संगणकावरील पुष्कळ टाइपांत मात्र आधी हिंदी वळण उमटते. काहींत मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्यावरच आपले वळण येते. लांबलचक लेखात हे खपून जाईल. पण सतरा अक्षरांच्या कवितेत प्रत्येक अक्षर दर्शनी असते. आपली मुले शाळेत दुसऱ्या भाषांत शिकतात. आजीच्या पत्रातला ‘ल’ त्यांना छापील पानावर दिसलाच नाही, तर तो त्यांच्या हातात उतरावा कसा?

म्हणून संपादक मंडळींना आमची विनंती आहे : कविता छापखान्यात देताना टाइपाचे नाव, ओळींतील अंतर आणि ‘ल’-‘श’ यांचे वळण कागदावर लिहून द्यावे, आणि प्रूफ आल्यावर ते ताडून पाहावे. हायकूसाठी अर्धे पान कोरे सोडावे लागले तरी सोडावे. देणगीदारांच्या यादीने ते भरण्याचा आग्रह होईल. तेव्हा ही जागा कवितेचीच आहे, असे नम्रपणे सांगावे.

लहान पोरांना तीन ओळी वाचावयास दोन मिनिटेही लागत नाहीत. घरातले दुसरे मराठी पान ती कदाचित उघडणार नाहीत. हे एक तरी त्यांना अडखळल्यावाचून वाचता यावे.