रुपया एक, गुण दोन



रौप्यमहोत्सव आहे, म्हणून चांदीच्या रुपयाचीच गोष्ट सांगतो.

आजोबांचा १८६२ चा राणीछाप कलदार मी सालेकसा इथून प्रतवारीला पाठवला. ७० पैकी ५८ गुण आले, म्हणजे किंचित वापरलेला. त्या दराने धाकट्या भावाला त्याचा वाटा दिला. पुढे सीलबंद डबी फोडून तोच रुपया पुन्हा पाठवला, तर ६२, म्हणजे न वापरलेला! किंमत वाढली. नाणं मात्र तेच, साडेअकरा ग्रॅमचं.

१ ते ७० ची ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेत मांडली. पण झीज ठरवते ती माणसाचीच नजर.

धाकट्याला फरकाचे पैसे दिले, तेव्हा कुठे झोप लागली. मंडळी, वाटणीआधी नाणं दोन ठिकाणी दाखवा.