छपराखाली

माणूस पैसे मोजून घाबरायला जातो. आपल्याकडे जत्रेत उंच पाळणा असतो, मौत का कुआँ असतो. अमेरिकेत मी याचा फार मोठा थाट पाहिला.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुलगी, जावई आणि सात वर्षांचा नातू यांच्याबरोबर मी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला गेलो होतो. ऑर्लँडो म्हणजे डिस्ने वर्ल्ड. १९७१ पासून चालू असलेलं हे एक गावच आहे म्हणा ना. चार मोठी पार्कं आणि त्यांच्याभोवती हॉटेलंच हॉटेलं. मुलीनं सहा महिने आधी खोली राखून ठेवली होती. मी कवी माणूस. अशा सहलीत माझं काम पिशव्या सांभाळणं आणि नातवाच्या मागं रांगेत उभं राहणं.

तिथं ‘टॉवर ऑफ टेरर’ नावाचा एक खेळ आहे. १९३९ साली वीज पडून ओसाड झालेलं हॉटेल, अशी त्यामागची गोष्ट. तुम्ही लिफ्टमध्ये बसता, लिफ्ट वर जाते आणि धाडकन खाली सुटते. पोटात गोळा येतो, लोक किंचाळतात आणि बाहेर येऊन हसतात. नातू म्हणाला, “नाना, पुन्हा!”

आम्ही बाहेर आलो तेव्हा जावई फोनकडे बघत गप्प उभे होते. तो सोमवार होता, ७ ऑक्टोबर. मेक्सिकोच्या आखातात मिल्टन नावाचं चक्रीवादळ उठलं होतं आणि एका दिवसात ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीला पोचलं होतं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९० किलोमीटर. बुधवारी रात्री ते फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर येणार होतं. त्याआधी जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी हेलेन वादळ येऊन गेलेलं. किनाऱ्यावरच्या लोकांचं भिजलेलं सामान अजून रस्त्याकडेला पडून होतं.

परत फिरावं तर विमानात जागा नाही. बुधवारी सकाळी विमानतळच बंद झाला. ऑर्लँडो समुद्रापासून आत आहे, म्हणून किनाऱ्यावरची माणसं उलट तिकडेच आसऱ्याला येत होती. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे मिकीचे कान घातलेली मुलं, दुसरीकडे उशा, कुत्री आणि कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन आलेली कुटुंबं. आमची सुट्टी, त्यांचा निवारा. रांग मात्र एकच.

बुधवारी दुपारी एक वाजल्यापासून पार्कं टप्प्याटप्प्यानं बंद झाली. पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्या आत गेल्या, हलणारी प्रत्येक वस्तू बांधली गेली. मला मिरगाआधीची आपली शाकारणी आठवली. संध्याकाळपासून खोलीबाहेर पडायचं नाही, अशी सूचना आली.

त्या दुपारी एक बाई टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन खोलीत आली. वय पन्नाशीचं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे कामापुरतं. ती पोर्टो रिकोची. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ तिच्या बेटावर आदळलं, त्यानंतर ती कुटुंबासह फ्लोरिडात आली. तिच्यासारखे पुष्कळजण तेव्हा आले. मी विचारलं, “घर?” तिनं उजवा तळवा डोक्यावर आडवा धरला आणि फुर्रकन हवेत उडवला. छप्पर गेलं.

मीही तसाच हात उडवला. “माझंही,” मी म्हटलं. “इंडिया. २०२०.” ती हसली. दोन अनोळखी माणसांची ओळख अशीही होते.

वादळ संपेपर्यंत कामावरच मुक्काम करणारी एक तुकडी तिकडे असते. तिला ‘राइड-आउट’ म्हणतात. ही बाई त्या तुकडीत होती. म्हातारी आई घरी आहे, एवढं ती जाता जाता बोलली. मी मान हलवली, टॉवेल घेतले, दार लावलं.

आता थोडं मागं जातो. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. मी तेव्हा टाळेबंदीत पनवेलला अडकलेला आणि अम्मी गावात एकटी. सहा दिवस फोन लागला नाही. ते सहा दिवस मी कसे काढले, ते सांगत नाही. सातव्या दिवशी चुलतभाऊ रेंज मिळेल तिथवर मोटारसायकलनं गेला आणि म्हणाला, “माणसं आहेत. घर नाही.”

अम्मीला शेजारच्या अण्णांनी आपल्या स्लॅबच्या खोलीत नेलं होतं. निम्मी आळी त्या खोलीत बसली होती. दाराची कडी तुटली तेव्हा अण्णा दाराला पाठ लावून उभे राहिले. दुपारभर. बाहेर त्यांच्याच वाडीतल्या पोफळी एकेक करून मोडत होत्या आणि आवाज आत ऐकू येत होता. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर त्यांचं घर चालायचं. पोफळ लावल्यावर फळ धरायला वर्षं जातात. अण्णांनी दार सोडलं नाही.

ऑर्लँडोत रात्री साडेआठच्या सुमारास बातमी आली, मिल्टन सिएस्टा की बेटाजवळ किनाऱ्यावर चढलं. चक्रीवादळाला बळ मिळतं ते समुद्राच्या उबदार पाण्यातून. जमिनीवर आलं की ते थकत जातं. आखातातच ते तिसऱ्या श्रेणीवर उतरलं होतं आणि आमच्यापर्यंत येताना आणखी उतरणार होतं. तरी काचेवर पाऊस आडवा आपटत होता. दुपारीच अटलांटिकच्या बाजूला सेंट लुसी काउंटीत या वादळातून सुटलेल्या टोर्नेडोंनी वयस्कांच्या वसाहतीत माणसं मारली होती. मुलीनं नातवाला खिडकीपासून दूर झोपवलं. तो म्हणाला, “नाना, हे पण खेळातलं आहे का?” मी म्हटलं, “नाही रे. यात बटण नसतं.”

तेवढ्यात फोन वाजला. गावात तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. फजरची नमाज आटोपून अम्मी जानमाजवरच बसली होती.

“कुठं आहेस?”

“खोलीत.”

“छप्पर कसलं आहे?”

“काँक्रीटचं, अम्मी.”

“मग ठीक.” जरा थांबून म्हणाली, “तुमच्याकडं लक्ष द्यायला कोण आहे तिथं?”

मी त्या बाईचं सांगितलं. मारिया, छप्पर, घरची म्हातारी आई.

“तिची आई कुणाजवळ आहे?”

“ते नाही विचारलं.”

अम्मी रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तेव्हाही तू विचारलं नव्हतंस. माझं विचारलंस, कौलांचं विचारलंस. अण्णांच्या वाडीचं काय झालं, ते कधी विचारलंस?”

खरं होतं. चार वर्षांत मी अण्णांचे आभार चारदा मानले असतील. निसर्गवर दोन कविताही लिहिल्या. त्यांत माझी आई होती, माझं घर होतं. अण्णांची एकही पोफळ नव्हती.

पहाटेपर्यंत वादळ पलीकडच्या समुद्राकडे निघून गेलं. आम्हाला काही झालं नाही. काही झाडं पडली, रस्त्यावर पानांचा चिखल. मी खाली जाऊन त्या बाईची चौकशी केली. तिची पाळी संपली होती, ती घरी गेली होती. मी चिठ्ठी ठेवली, “तुमची आई कशी आहे?” उत्तर आलं नाही. ती चिठ्ठी तिला मिळाली असेल की नाही, देव जाणे.

११ तारखेला पार्क उघडलं. नातवानं मला पुन्हा त्या टॉवरच्या रांगेत नेलं. लिफ्ट सुटली तेव्हा मला या खेपेला भीती वाटली नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी बटणापाशी जागं उभं आहे, हे आता ठाऊक होतं. त्याच्या घरी कोण असेल, एवढाच विचार आला.

गावी आलो त्या दिवशी पहिल्यांदा अण्णांच्या वाडीत गेलो. विचारलं, “अण्णा, तेव्हा किती पोफळी गेल्या?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक जागा दाखवत सगळी वाडी फिरवली. ही वडिलांनी लावलेली, ही लग्नाच्या वर्षाची. तास गेला. त्या जागी आता नवी रोपं उभी आहेत, डोक्याएवढी. फळ अजून धरलेलं नाही.

निघताना अण्णा म्हणाले, “चहा घेऊनच जा.” आम्ही त्याच खोलीत बसलो. दाराला आता लोखंडी कडी आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)